पटावर आहे, वर्गात नाही

राजुरा तालुक्यातल्या शाळांत ‘समावेशित शिक्षण’ या नावाखाली जे चाललं आहे, ती मुलांची आणि त्यांच्या आईबापांची सरळसरळ फसवणूक आहे. स्वमग्न मूल, वाचताना अडखळणारं मूल, एका जागी पाच मिनिटं न टिकणारं मूल शाळेत दाखल झालं, त्याचं नाव हजेरीपटावर चढलं, यू-डायसच्या रकान्यात त्याच्यापुढे खूण झाली, की सरकारच्या लेखी काम संपतं. पुढची आठ वर्षं ते मूल खिडकीजवळच्या शेवटच्या जागेवर बसून काढतं. खिचडीच्या वेळी त्याच्या ताटात वाढलं जातं, झेंडावंदनाला त्याला रांगेत उभं केलं जातं, आणि एक दिवस दाखला हातात देऊन त्याला गेटबाहेर सोडलं जातं. तेव्हा त्याला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नसतं. आपण कशाच्याच कामाचे नाही, हे मात्र त्याच्या मनावर पक्कं कोरलेलं असतं.

मी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांतच काढली. वर्धा नदीच्या या बाजूला कोळसा खाणींच्या कडेची गावं, आणि पुढे माणिकगडच्या पहाडाकडच्या वस्त्या. अशी मुलं प्रत्येक शाळेत होती. गावकरी त्यांना येडं म्हणत, शाळेत त्यांना ढ म्हणत, आणि कागदावर त्यांना ‘विशेष गरजा असणारी बालके’ म्हणत. गावकऱ्यांवर माझा राग नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. ज्यांना पगार मिळतो, ज्यांच्या टेबलावर कायद्याची प्रत असते, ज्यांनी प्रशिक्षणाच्या वहीवर सह्या केल्या आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे.

खाणपट्ट्यातल्या एका शाळेतला दुसरीचा मुलगा. त्याचं नाव सांगण्याची गरज नाही. बोलायचा फार थोडं, आणि बोलला तर समोरच्याचंच वाक्य परत म्हणायचा. सकाळी ठीक असायचा. दुपारी खिचडी झाली की काही वेळाने त्याचं बिनसायचं. कानांवर हात, मनगटाला चावा, आणि मग वर्गातून जी धूम ठोकायचा ती थेट घराच्या दिशेने. रोज. आधीच्या वर्षीच्या शिक्षकांनी वहीत लिहून ठेवलं होतं : वर्गात बसत नाही, शिस्त नाही. घरच्यांनी त्याला एका बाबाकडे नेऊन आणलं होतं. कुणी म्हणे अंगात येतं, कुणी म्हणे लाडावलाय, कुणी म्हणे बाप दारू पितो म्हणून असा निघाला.

कोडं सोडवलं खिचडी शिजवणाऱ्या बाईने. “मॅडम, हे पोट्टं तुमच्या शिकवण्याले नाही भेत, भोंग्याले भेते.” खुल्या खाणीत ब्लास्टिंग होण्याआधी भोंगा वाजतो. मग धमाका होतो, शाळेचे पत्रे थरथरतात, खिडक्या खडखडतात. आम्हा सगळ्यांना त्याची इतकी सवय झालेली की कुणी वाक्यही मध्ये तोडत नसे. त्या मुलाच्या कानाला ते सहन होत नव्हतं. भोंग्याच्याही आधी, वेळ जवळ आली की तो थरथरायला लागायचा, कारण धमाका नक्की कधी होणार हे त्याला कळत नव्हतं आणि आपल्याला असं होतं हे त्याला सांगता येत नव्हतं.

मग जे केलं ते अगदी साधं. खाणीवर कामाला जाणाऱ्या एकाकडून ब्लास्टिंगची साधारण वेळ विचारून घेतली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दिवसाचा क्रम चित्रांत काढला : प्रार्थना, पुस्तक, ताट, भोंगा, धमाका, गणिताचे मणी, घर. रोज सकाळी त्याच्याबरोबर बसून त्या चित्रांवरून बोट फिरवायचं. एकेक गोष्ट झाली की त्यावर खडा ठेवायचा. भोंग्याच्या आधी तो स्वयंपाकखोलीत त्या बाईजवळ जाऊन बसायचा. कानात कापसाचे बोळे, डोक्याभोवती तिचा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. धमाका झाला की ती म्हणायची, “झालं”. तोही म्हणायचा, “झालं”. आणि वर्गात परत यायचा. काही आठवड्यांत पळणं कमी झालं. तो घडाघडा बोलू लागला नाही, पहिला नंबर आला नाही, चमत्कार काही झाला नाही. तो वर्गात थांबू लागला, आणि वर्गात थांबतो त्यालाच काही शिकवता येतं.

या सगळ्याला खर्च किती आला? शून्य. लागलं काय? मुलाकडे नीट बघणारी एक बाई, थोडा मोकळा वेळ, आणि ‘दुपारी हा मुलगा वर्गाबाहेर का?’ असं केंद्रप्रमुखांनी विचारलं तर ठाम उत्तर देण्याची तयारी. आपली व्यवस्था नेमक्या याच तीन गोष्टी देत नाही. ती देते प्रमाणपत्र.

प्रमाणपत्राचं हे लफडं समजून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यात स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. चांगलं झालं. पण ‘एडीएचडी’ म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता, हे त्या एकवीसांत नाही. म्हणजे जे मूल वर्गात सगळ्यात जास्त मार खातं, त्याला त्या कारणासाठी प्रमाणपत्रच मिळणार नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आत मिळत नाही, म्हणजे पहिली-दुसरीचा पाया घालण्याचा काळ हातातून गेलेला असतो. ते प्रमाणपत्रही चाळीस टक्के भरलं तरच उपयोगाचं. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, मग चंद्रपूरची तारीख, मग मानसतज्ज्ञ असेल तर तपासणी, नसेल तर पुढची तारीख. जिवतीच्या पहाडावरच्या बाईने एक दिवसाची मजुरी बुडवायची, लेकराला कडेवर घेऊन एसटी बदलत जिल्ह्याला जायचं, रांगेत बसायचं आणि ‘पुढच्या बुधवारी या’ ऐकून परत यायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत ती पुन्हा जाईल का? जात नाही. मग गटसाधन केंद्रात पान लिहिलं जातं : पालक उदासीन.

पालक उदासीन! हे दोन शब्द मी इतक्या अहवालांत वाचले आहेत की ते लिहिणाऱ्याला एकदा तरी त्या एसटीत उभं करून न्यावं असं वाटतं.

आणि हे सगळं ज्या कायद्याच्या नावाने चालतं, तो कायदा असं म्हणतच नाही. त्याचं कलम १६ काढून वाचा. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्या, त्याच्या गरजेप्रमाणे सोयी द्या, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यात योग्य तो बदल करा, त्याची प्रगती तपासत राहा. चाळीस टक्क्यांची अट त्या कलमात नाही. ती मोफत शिक्षणाच्या विशेष हक्कासाठी, आरक्षणासाठी, योजनांसाठी आहे. दहावीच्या परीक्षेत लेखनिक हवा, तासाला वीस मिनिटं जादा हवीत, तर प्रमाणपत्र लागेल. तिथे मी वाद घालत नाही. पण दुसरीतल्या मुलाला पहिल्या रांगेत बसवायला, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी त्याला तोंडी विचारायला, त्याच्या कानात बोळे घालायला कुठल्या सिव्हिल सर्जनची सही लागते? ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ असं जो मुख्याध्यापक म्हणतो तो कायदा पाळत नाही, मोडतो. हे त्याला त्याच्या तोंडावर सांगितलं पाहिजे.

याच कायद्याच्या सतराव्या कलमात शाळेतल्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितलं आहे, आणि पहिलं सर्वेक्षण कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत. म्हणजे एप्रिल २०१९ च्या आत. मुलांच्या गरजा काय आहेत आणि त्या किती भागल्या, हे त्यातून कळायचं होतं. त्या मुदतीत माझ्या वर्गात अशी विचारपूस करायला कुणी आलं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते, अंगणवाडीत दोनदा. त्यांच्या तपासणीच्या यादीतल्या तीस आजारांत आणि दोषांत स्वमग्नता, अतिचंचलता आणि अध्ययनातला दोष ही तिन्ही नावं आहेत. एका दुपारी शंभर-दीडशे मुलांचे दात, डोळे, वजन आणि उंची बघून ती गाडी पुढच्या गावाला जाते. न बोलणारं मूल त्या रांगेत कुणाच्या लक्षात येणार? त्याचं वजन बरोबर असतं.

आता या भागाची खरी गोष्ट, जी पुण्या-मुंबईत बसून धोरणं लिहिणाऱ्यांना कळत नाही. राजुरा, कोरपना, जिवती या तिन्ही तालुक्यांत मूल घरी कुठली भाषा बोलतं हे शाळेच्या पाटीवरून कळत नाही. गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजाऱ्यांची गोरमाटी, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पहाडावर आलेल्या कुटुंबांची मराठी, आणि खाण-सिमेंटच्या वसाहतींत हिंदी. शाळेची भाषा एकच. कोलामांच्या गुड्यावरचं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं आणि समोरची बाई काय बोलते त्यातलं त्याला काहीही कळत नाही. ते गप्प बसतं. नजर चुकवतं. विचारलं तर उत्तर देत नाही. कधी ऐकलेला शब्द तसाच परत म्हणतं. आता सांगा, हे भाषा न कळणारं मूल आहे की स्वमग्न मूल आहे?

कुणी शोधत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. धडधाकट, तल्लख मूल केवळ मराठी येत नाही म्हणून मंद ठरतं. आणि ज्याला खरोखर वेगळी मदत हवी असते ते मूल ‘आदिवासींची पोरं अशीच लाजरी असतात’ या एका वाक्याखाली गाडलं जातं. हे वाक्य मी शिकल्यासवरल्या, बऱ्या स्वभावाच्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ते ऐकायला मायेचं वाटतं आणि ते मुलाचं आयुष्य संपवतं. फरक ओळखायचा साधा मार्ग आहे : आईला विचारा. घरी, स्वतःच्या भाषेत, भावंडांशी हे लेकरू बोलतं का? खेळतं का? हाक मारली तर वळतं का? पण आईला तिच्या भाषेत विचारणारं शाळेत कुणी नसतं.

चाचण्या आहेत ना, असं म्हणाल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये वाचनदोष ओळखण्यासाठी ‘डाली’ नावाची चाचणी आणली. तिच्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठी आहे, आणि मराठीसाठी ते मोलाचंच काम आहे. तिच्यात गोंडी नाही, कोलामी नाही. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कातकरी, कोलाम, माडिया गोंड. योजनांची नावं त्यांच्यासाठी भरपूर. पण त्यांच्या मुलाला वाचता का येत नाही हे त्याच्याच भाषेत तपासायचं साधन आपण बनवलं नाही. आणि कुणी स्वतःच्या हिमतीवर मुलांना त्यांच्या भाषेत शिकवू लागलं तर? गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली. मुलांच्या भाषेत शिकवणं आपल्याकडे गुन्हा ठरतो, आणि न कळणाऱ्या भाषेत आठ वर्षं बसवून ठेवणं नियमात बसतं.

राजुऱ्याला तरी हे कळायला हवं होतं. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या अमलात वरच्या वर्गांची भाषा उर्दू. परक्या भाषेच्या वर्गात मुकाट बसणं म्हणजे काय हे इथल्या म्हाताऱ्यांनी स्वतः सोसलं आहे. ते दिवस गेल्याचा उत्सव आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला करतो, आणि शाळेच्या शेवटच्या रांगेत तेच दिवस गोंडाच्या आणि कोलामाच्या पोराला दाखवतो.

ज्यांची घरची भाषा मराठी आहे त्यांचं तरी बरं चाललंय का? वाचनदोष असलेल्या मुलाला देवनागरी कशी दिसते ते बघा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण उच्चारायची नंतर. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘प्र’, ‘त्र’, ‘कृ’, ‘ट्र’ : र आणि त्याचा भास देणारा ऋकार यांच्या किती खुणा. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष. बहुतेक मुलांच्या हे वर्षभरात अंगवळणी पडतं. काहींच्या पडत नाही, कारण त्यांचा मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड वेगळ्या वेगाने घालतो. यात आळस नाही, बुद्धीची कमतरता नाही. अशी एक मुलगी माझ्या वर्गात होती. आईबरोबर कापूस वेचायला जायची. किलोमागे भाव काय, दिवसाची वेचणी किती, मुकादमाने किती कापले, सगळं तोंडी चोख सांगायची. कागदावर बेचाळीसचे चोवीस लिहायची. तिच्या वहीत लाल शाईने पानभर ‘पुन्हा लिही’ असा शेरा होता. जे येत नाही तेच पन्नास वेळा लिहायला लावायचं, याला आपल्याकडे सराव म्हणतात. तिला हवे होते वाळूत बोटाने गिरवायचे आकडे, दशक-एककाचे वेगळ्या रंगाचे रकाने, आणि तोंडी परीक्षा. २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधी गणितं करता आली पाहिजेत असं ठरलं. उद्दिष्ट उत्तम. पण ज्या शाळेवर आकडा वर दाखवायचा दबाव असतो, तिथे ही मुलगी आकडा खाली खेचणारी अडचण ठरते. चाचणीच्या आदल्या दिवशी ‘उद्या नको येऊस’ असं सांगितलेली मुलं मी पाहिली आहेत.

२००७ मध्ये वाचनदोष असलेल्या मुलावरचा ‘तारे जमीन पर’ हा सिनेमा आला तेव्हा अख्खं चंद्रपूर रडलं. मुंबईच्या सायन रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक १९९० च्या दशकापासून चालतं आहे. बोर्डाच्या सवलतीही तेव्हापासूनच्या. म्हणजे तिथल्या मुलांना तेव्हा जे मिळालं, ते आमच्या पहाडावरच्या मुलांना अजून नावानेही माहीत नाही. मुंबईच्या मुलाला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पाव शतकात ते वर्धा नदी ओलांडून इकडे आलं नाही, याची चीड येते.

आता माझ्या बिरादरीबद्दल, शिक्षकांबद्दल. पहिली ते चौथी किंवा पाचवी आणि शिक्षक दोन, अशा शाळा इथे सर्रास आहेत. एकजण मीटिंगला गेला की एका खोलीत सगळे वर्ग. त्यावर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या तांदळाची ऑनलाइन नोंद, फोटो काढून ग्रुपवर टाका, लिंक भरा, पुन्हा लिंक भरा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. ते कलम धाब्यावर बसवलं गेलं आहे हे प्रत्येक गटशिक्षणाधिकाऱ्याला ठाऊक आहे. त्यामुळे शिक्षकाची दमछाक मला मान्य आहे. मी ती स्वतः सोसली आहे.

पण दमछाक झाली म्हणून मुलाला भर वर्गात ‘मंद’ म्हणायचा परवाना मिळत नाही. वर्गासमोर उभं करून वाचायला लावायचं, ते अडखळलं की चाळीस पोरांना हसू द्यायचं, हे लिंक भरण्याच्या ओझ्यामुळे होत नाही. हे आपल्याला तसं करण्यात काही गैर वाटत नाही म्हणून होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. दिव्यांग हक्क कायद्याच्या ९२ व्या कलमात तर चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. शिक्षक संघटनांनी पेन्शनसाठी मोर्चे काढावेत, मीही चालले आहे त्यांत. या मुलांसाठी प्रशिक्षित सहकारी द्या ही मागणी त्या मोर्च्यांच्या निवेदनात पहिल्या पानावर कधी आली? आणि ज्याला प्रशिक्षण म्हणतात ते काय, तर तालुक्याच्या हॉलमध्ये एक दिवस पडद्यावर एकवीस प्रकारांची यादी, चहा, सही आणि प्रमाणपत्र. भोंग्याला घाबरणाऱ्या पोराचं काय करायचं हे त्या पडद्यावर नव्हतं.

ज्यांच्याकडे ते ज्ञान आहे ते विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवले गेले. तुटपुंजं मानधन, दरवर्षी करार संपण्याची टांगती तलवार, आणि एकेकाच्या माथ्यावर गावंच्या गावं. एखादा विशेष शिक्षक स्वतःच्या मोटारसायकलवर पेट्रोल घालून घाटातून गुड्यावर पोचायचा, मुलाजवळ अर्धा तास बसायचा, आणि पुन्हा यायला दोन महिने लागायचे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट प्रमाण सांगितलं : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं निश्चित करा आणि भरा. मधल्या काळात, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने केंद्रस्तरावर ४,८६० पदं मंजूर केली. स्वागत आहे. पण हिशेब करा. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा, पहाडावर त्या एकमेकींपासून लांब लांब. एक माणूस प्रत्येक शाळेत आठवड्यातून एकदाही धड पोचणार नाही. त्यातही ते मंजूर पद आहे. या जिल्ह्यात मंजूर पद आणि खुर्चीवर बसलेला माणूस यांत काय अंतर असतं, हे आम्ही डॉक्टरांच्या बाबतीत आयुष्यभर बघत आलो आहोत.

‘त्याला स्पेशल शाळेत घाला’ हा सल्ला देणारे पुष्कळ. याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये संस्था उभी केली, आणि आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा चालल्या. त्या कामापुढे मी हात जोडते. पण ब्रेल आणि खुणांची भाषा शिकवायला जाणकार शाळा लागते, तशी प्रत्येक वेगळ्या मुलाला गाव सोडून जायला लावणारी शाळा लागत नाही. माझ्या त्या दुसरीतल्या मुलाला खिचडीवाली बाई लागत होती, आणि ती गावातच होती. सहा वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलाला आईपासून तोडून वसतिगृहात टाकण्याला सोय म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं मूल तिथे ठेवून दाखवावं.

पैसेवाल्यांच्या शाळांचं तर बोलायलाच नको. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत केजीला फी भरून घेतलेलं मूल दुसरीत ‘वेगळं’ निघालं की आईबापांना ऑफिसात बोलावतात. “आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. बाकीचे पालक तक्रार करतात. टीसी घेऊन जा.” आईबाप मान खाली घालून टीसी घेतात, कारण पोराची नाचक्की नको. ताई, दादा, मान वर करा. तुमच्या मुलाला काढणारी शाळा कायदा मोडते आहे. दिव्यांग हक्क कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. टीसीच्या अर्जावर ‘स्वेच्छेने’ असं लिहून देऊ नका. काढण्याचं कारण लेखी मागा. लेखी देणार नाहीत, आणि तिथेच त्यांचा खोटेपणा उघडा पडतो.

बाकीच्या मुलांचं नुकसान होतं, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. दिवसाचा क्रम चित्रांत फळ्याशेजारी लावला तर कुणाचं नुकसान होतं? त्या कॅलेंडरचा सगळ्यात जास्त उपयोग मला पहिलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी झाला. चित्राला भाषा लागत नाही. सूचना एका वेळी एकच देणं, तोंडी उत्तर चालवणं, दर वीस मिनिटांनी मुलांना उठून उभं राहू देणं, हे करून बघा. वर्गातली निम्मी मुलं, ज्यांना आपण बरी समजत होतो, तीही सुधारतात. नुकसान होतं ते शिक्षक एकटा असला, खोली एक असली आणि मुलं पन्नास असली तर. त्याचा जाब सरकारला विचारा, त्या मुलाच्या आईला नाही.

पैसा नाही हे तर या जिल्ह्यात कुणी म्हणूच नये. आमच्या जमिनीखालचा कोळसा आणि चुनखडी काढून नेली जाते. त्याच्या मोबदल्यात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो, आणि खाणग्रस्त भागात तो कशावर आधी खर्चायचा याची केंद्राने ठरवलेली यादी आहे. आरोग्य आहे, शिक्षण आहे, महिला-बालकल्याण आहे, आणि दिव्यांगांचं कल्याण स्पष्ट शब्दांत आहे. दिसतं काय? कमानी, सभागृहं, पेव्हर ब्लॉक, सुशोभीकरण. कंपन्यांच्या सीएसआरमधून शाळेच्या भिंती रंगतात, वॉटर कूलर येतो, बॅनर लागतो, फोटो निघतो. खाणीच्या धमाक्याने ज्या मुलाचा जीव कासावीस होतो, त्याच्यासाठी त्या खाणीच्या पैशातून एक शांत खोली आणि एक प्रशिक्षित माणूस मिळत नाही. याहून नागडा अन्याय मला ठाऊक नाही.

म्हणून खाणपट्ट्यातल्या आणि पहाडावरच्या शाळा व्यवस्थापन समित्यांना माझं सांगणं आहे. समितीत निम्म्याहून जास्त तुम्ही पालकच आहात, त्या खुर्च्या वापरा. आपल्या भागातली कितीतरी गावं पेसा कायद्याखाली येतात. त्या गावांत ग्रामसभेचा शब्द चालतो, आणि पेसा ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या अबंध निधीतून शिक्षणावर खर्च करता येतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा. गावातलीच, गोंडी किंवा कोलामी बोलणारी, बारावी झालेली एक मुलगी शाळेत मदतनीस म्हणून नेमायची, तिला या मुलांबरोबर काम करण्याचं किमान तीन महिन्यांचं खरंखुरं प्रशिक्षण द्यायचं, आणि तिचं मानधन खनिज निधीतून मागायचं. विशेष शिक्षकाने महिन्यातून किती दिवस आणि कुठल्या तारखांना गावात यायचं हे ठरावात तारखांसह लिहा. प्रमाणपत्र नसलं तरी वर्गात मदत सुरू करावी, हे कलम १६ चा आकडा घालून लिहा. खाण शाळेजवळ असेल तर ब्लास्टिंगची वेळ शाळेला रोज सकाळी लेखी कळवावी, हे खाण व्यवस्थापकाच्या नावे लिहा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे न्या, स्वतः न्या, चारजणी मिळून जा, लेकरांना बरोबर घेऊन जा. आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय त्या कार्यालयातून हलू नका.